चष्मा राहिला

पुणे, रविवार

प्रिय शमे,

‘लेसरचं काय झालं?’ म्हणून तुझे दोन फोन येऊन गेले. ऐक, लेसरने नंबर घालवणं जमणार नाही, माझा चष्मा काही सुटत नाही.

मला वाटलेलं, वय 29, नंबर साडेसहा आणि दीड वर्षात तो जागचा हललेला नाही, म्हणजे आपण पास! सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्सही लावल्या नव्हत्या. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, आकार बदलतो आणि मोजमाप फसतं म्हणे. आधी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. डोळे कोरडे आहेत का ते बघतात. मी 14 मिलिमीटर रडले, तिथे उत्तम मार्क. मग थेंब घालून पडदा तपासला. घरी येताना रिक्षाचं मीटरसुद्धा वाचता येईना.

घोडं अडलं ते कॉर्नियापाशी. माझा जाडीला 492 मायक्रॉन, सर्वसाधारणपणे 540च्या आसपास असतो. डॉक्टरांनी कागदावर वजाबाकीच मांडली: वरची चकती उचलायला 110, नंबर घालवायला साधारण 90, उरले 292. त्यांना खाली निदान 300 हवे असतात. मी लगेच, ‘मग चकती न कापता वरूनच करा की!’ (यूट्यूबवरचं ज्ञान.) त्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डाव्या डोळ्याच्या नकाशात खालच्या अंगाला लाल डाग. तिथे कॉर्नियाला जास्त बाक आहे. केरॅटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, तो आजार) सुरुवात असू शकते, नसेलही. पण अशा डोळ्यावर लेसर मारला तर उरलासुरला आधार जाऊन तो पुढे फुगत जातो. पैसे भरायला तयार असलेल्या माणसाला त्यांनी सरळ नाही म्हटलं, हे मला आवडलं. रिक्षात मात्र रडले. पट्टीशिवाय.

मग विचारलं, डोळे चोळता का? शमे, तुला माहीतच आहे! दर उन्हाळ्यात खाज सुटली की मी मुठीने चोळत बसते, आणि आई ओरडते. चोळल्याने हे वाढतं. आता खाजेसाठी थेंब दिलेत, आणि सहा महिन्यांनी परत नकाशा काढायचा. बाक वाढलेला दिसला तर सी-थ्री-आर करतात, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा. नंबर त्याने जात नाही.

तूही चोळतेस. एकदा दाखवून ये.

राजमाचीला जुलैत जायचंच आहे. काचा पुसायला कोरडं फडकं तू आण, माझं दहा मिनिटांत भिजतं.

तुझी,
मुक्ता