गोष्टीतल्या अपंग मुलाला खोड्याही काढू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे मराठी प्रकाशकांची सूचीपत्रके दरवर्षी माझ्या हाताखालून जातात. अलीकडे त्यांत अपंग मुलांविषयीच्या पुस्तकांची नावे दिसू लागली आहेत, कोठे कोठे त्यांच्यासाठी वेगळा मथळाही असतो, आणि ही समाधानाची गोष्ट आहे यात शंका नाही. मात्र पुस्तके उघडून वाचू लागले की एक बाब सतत खटकते. त्यांतले अपंग मूल विलक्षण गुणी असते. ते कधी खोटे बोलत नाही, गृहपाठ चुकवत नाही, धाकट्या भावाचा लाडू पळवत नाही, कोणाची चहाडी करत नाही. ते सोसते, हसते आणि शेवटच्या पानावर एक तर बक्षीस मिळवते किंवा बरे होते. त्याच्याकडे पाहून वर्गातल्या इतर मुलांना शहाणपण सुचते आणि तिथे गोष्ट संपते. या पात्रांना थोडे वात्रट होऊ द्यावे, एवढीच विनंती लेखक आणि प्रकाशकांना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बालसाहित्याने अपंग पात्रांना ठरावीक वाटा फार पूर्वीच नेमून दिल्या आहेत. योहाना स्पिरी यांच्या 'हायडी'मध्ये पेटर रागाच्या भरात क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो, खुर्चीचे तुकडे होतात आणि पर्वतावरची हवा व शेळीचे दूध यांच्या बळावर क्लारा चालू लागते. १९११ सालच्या 'द सीक्रेट गार्डन'मधला, चालता येत नाही असे मानून खुर्चीत बसलेला कॉलिनही बागेत रमता रमता उठून उभा राहतो. ज्याची खुर्ची कधीच सुटणार नाही अशा मुलाने ही पुस्तके वाचावीत आणि काय समजावे? दुसरी वाट खलनायकाची, आणि 'ट्रेझर आयलंड'मधला एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर व 'पीटर पॅन'मधला हाताच्या जागी आकडा असलेला हूक हे तिचे मानकरी. आपल्याकडे पाठीचे कुबड आणि मनाचा वाकडेपणा यांची सांगड मंथरेपासून घातली गेली आहे, आणि दूरचित्रवाणीवरच्या 'महाभारता'ने तर शकुनीला लंगडायलाही लावले. अष्टावक्राची कथा त्यातल्या त्यात न्यायाची म्हणावी, कारण तिथे जनकाच्या सभेत त्याच्या देहाला हसणारेच ओशाळतात. पण त्यासाठी त्यालाही आधी असामान्य पंडित व्हावे लागते.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट या सर्वांहून अधिक मुलांपर्यंत पोहोचलेली आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. बौद्ध आणि जैन परंपरेत तो एक थोर दृष्टांत आहे आणि त्याचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु पहिली-दुसरीतल्या मुलाला त्यातला अनेकान्तवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, समजत नाही. आंधळी माणसे मूर्ख असतात आणि उगीच भांडतात, एवढेच त्याच्या मनात राहते. शिवाय ही गोष्ट मुळात डोळस माणसाने रचलेली आहे हे तिच्यातच दिसते. जो रोज हाताने जग ओळखतो तो एका जागी हात लावून थांबत नाही. हाताला शेपटी लागली तर ती वर कोठे जाते, पाय लागला तर शेजारी आणखी किती पाय आहेत, हे चाचपून पाहणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. अशी एखादी चौकस आंधळी मुलगी त्या गोष्टीत सोडली तर ती हत्तीला पूर्ण फेरी मारून येईल, माहुताला चार प्रश्न विचारील आणि भांडणाला जागाच उरणार नाही. ही नवी गोष्ट कोणीतरी मराठीत लिहावी असे मला फार वाटते.

चरित्रांची कथाही फारशी वेगळी नाही. आमच्या कपाटात अंध आणि बहिऱ्या असलेल्या हेलन केलर यांची मुलांसाठी लिहिलेली छोटी चरित्रे आहेत आणि त्या सर्वांचा कळस पाण्याच्या पंपापाशी होतो. १८८७ साली ॲन सुलिव्हन या शिक्षिकेने त्यांच्या एका हातावर पाण्याची धार धरली, दुसऱ्या तळहातावर बोटांनी 'पाणी' हा शब्द लिहिला, आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या मुलीला उमगले. प्रसंग मोठाच आहे. पण हेलन केलर यांनी स्वतः १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथेत त्याआधीच्या काही करामतीही सांगितल्या आहेत. त्यांनी एकदा आईला कोठीच्या खोलीत कोंडले. नोकरचाकर घराच्या दुसऱ्या भागात असल्यामुळे आईला तीन तास आत राहावे लागले, आणि आई दार ठोठावत असताना ही मुलगी बाहेर पायरीवर बसून त्या दणक्यांची कंपने अंगावर घेत खुदुखुदु हसत होती. पुढे सुलिव्हनबाई आल्या तेव्हा त्यांनाही तिने खोलीत कोंडून किल्ली लपवली. वडिलांना शिडी लावून बाईंना खिडकीतून बाहेर काढावे लागले आणि किल्ली मिळाली ती कित्येक महिन्यांनी. मी पाहिलेल्या मराठी चरित्रांत हा मजकूर कोठेही आलेला नाही. तो गाळताना संपादकांना कदाचित चरित्रनायिकेचा मान राखल्यासारखे वाटले असावे. प्रत्यक्षात त्यामुळे आपण मुलांच्या हाती एक मूर्ती दिली आणि त्यांच्यासारखीच एक हट्टी, हुशार, चिडकी मुलगी काढून घेतली. प्रौढपणी त्यांनी समाजवादी पक्षात प्रवेश केला, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लेखणी चालवली, हेही या चरित्रांत सापडत नाही.

अपंग पात्राला खोडकर केल्याने पुस्तकाचे काय होते याचा उत्तम नमुना म्हणजे सीसी बेल या अमेरिकी लेखिका-चित्रकर्तीचे 'एल डेफो' हे २०१४ साली आलेले चित्ररूप आत्मकथन. वयाच्या चौथ्या वर्षी मेंदूज्वरामुळे त्यांची श्रवणशक्ती गेली. पुस्तकातली सगळी पात्रे सशाच्या रूपात आहेत, आणि ज्यांचे कान एवढे लांबलचक त्या प्राण्यांच्या जगात एका सशाला ऐकू येत नाही, ही कल्पनाच मुलांना हसवते. नायिका छातीवर एक श्रवणयंत्र बांधून शाळेत जाते आणि त्याचा मायक्रोफोन बाईंच्या गळ्यात असतो. बाई वर्गाबाहेर गेल्या, अगदी स्वच्छतागृहात गेल्या, तरी त्यांचा आवाज हिच्या कानात येत राहतो. मग ही आपली अद्भुत शक्ती आहे असे ती ठरवते आणि बाई परत येत आहेत हे दंगा करणाऱ्या वर्गाला आधीच कळवण्याची जबाबदारी घेते. यंत्राची बॅटरी उतरू लागली की बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरे फिकट होत जातात आणि ती पूर्ण संपली की फुगे रिकामेच येतात. ऐकू न येणे म्हणजे काय, हे समजावणारे एकही व्याख्यान तेथे नाही आणि वाचणाऱ्या मुलाला ते पूर्ण समजते. या पुस्तकाला २०१५ साली न्यूबेरी सन्मान हा अमेरिकी बालसाहित्यातला मानाचा गौरव मिळाला.

हे सर्व परदेशात होते, आपल्याकडे कसे व्हायचे, असे म्हणण्याचे कारण नाही. चेन्नईच्या 'तूलिका'ने प्रसिद्ध केलेल्या झाई व्हिटेकर यांच्या 'कन्ना पन्ना'मध्ये गुहेतल्या देवळात दिवे जातात आणि घाबरलेल्या डोळस नातलगांना अंध कन्ना बाहेर काढतो. कडक नजरेने पाहिले तर येथेही त्या मुलाला उपयोगी पडून दाखवावे लागते. परंतु अंधारात वावरणे ही त्याची नित्याची गोष्ट असल्यामुळे तो पराक्रम ओढूनताणून आणलेला वाटत नाही. याच प्रकाशनाच्या 'कॅच दॅट कॅट'मधली डिपडिप तर चाकांच्या खुर्चीवरून मैत्रिणीचे हरवलेले मांजर शोधत फिरणारी, चांगलीच उपद्व्यापी मुलगी आहे.

मराठी लेखकाला साहित्य शोधायला दूर जावे लागणार नाही. श्रवणयंत्राला घरोघरी 'मशीन' म्हणतात. कानातला साचा सैल झाला की ते शिट्टी मारते, आणि ऐन परीक्षेच्या शांततेत ती शिट्टी वाजली की सगळा वर्ग वळून पाहतो. पावसाळ्यात त्यात दमटपणा शिरू नये म्हणून ते रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतात, आणि सकाळी शाळेत जायचे नसले की ती डबी हमखास 'हरवते'. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की ओठ वाचणाऱ्या मुलाचा तास तेथेच संपतो आणि वहीतल्या चित्रांना सुरुवात होते. खेड्यात चकचकीत व्हीलचेअर क्वचितच दिसते, हाताने फिरवायची तीनचाकी सायकल दिसते, आणि तिच्यामागे लटकून फुकट चक्कर मारणारी चार पोरेही दिसतात. आपले चित्रकार मात्र अजूनही रुग्णालयातली खुर्ची आणि काळा चष्मा यांच्या पुढे जात नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे सर्व आता त्यात येतात. नंदुरबार आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांतला विषय आहे. थंडी पडली की सांधे ठणकू लागतात आणि मूल शाळेला मुकते. बाहेरून ते मूल धडधाकट दिसते, म्हणून त्याला 'कामचुकार' ही पदवी मिळते. पट्टीच्या लेखकाला यात किती नाट्य आहे! पण गोष्टींतले अपंगत्व अजून आंधळे, बहिरे आणि पांगळे या तीन खणांतच अडकलेले आहे. २०११ च्या जनगणनेत, म्हणजे जुन्या आणि आखूड यादीनुसार, महाराष्ट्रातील अपंग व्यक्तींची संख्या २९ लाखांच्या वर होती.

प्रकाशक म्हणतात की अशी पुस्तके खपत नाहीत, पालक ती 'रडकी' म्हणून परत ठेवतात. पालकांचे काही चुकत नाही, कारण ती खरोखरच रडकी असतात. लेखकांची अडचण निराळी आहे: काही चुकीचे लिहिले गेले तर कोणी दुखावेल या भीतीने ते पात्राला सद्गुणांच्या शालीत गुंडाळून ठेवतात. यावर उपाय साधा आहे. हस्तलिखित छापण्याआधी ते तशाच मुलांना आणि तसे जगणे जगलेल्या मोठ्यांना वाचायला द्यावे, त्यांनी सुचवलेले बदल मनावर घ्यावेत आणि त्याचे मानधनही द्यावे. त्याहून चांगले म्हणजे त्यांनाच लिहायला बोलवावे. नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाने मराठी प्रौढ वाचकाला जे दिले, ते मुलांच्या पुस्तकांत यायला हरकत काय आहे?

आणखी एक गोष्ट राहते. अंध मुलावरचे पुस्तक अंध मुलालाच वाचता येत नाही, हा प्रकार आता तरी थांबावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अशा वाचकांसाठी पुस्तकाची ब्रेल किंवा ध्वनिआवृत्ती काढण्यास मुभा देतो, आणि अंध वाचकांना पुस्तके मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू करून असा वाचकवर्ग आहे हे दाखवून दिले आहे. त्यामुळे प्रकाशकाने पुस्तक छापतानाच त्याची संगणकावरची युनिकोड प्रत ब्रेल छापणाऱ्या संस्थांकडे दिली तर पुढचे बरेच काम सोपे होईल.

आपल्या वृत्तपत्रातील बालसाहित्याच्या परीक्षणांतही या पुस्तकांना 'हृदयस्पर्शी' आणि 'प्रेरणादायी' ही दोन विशेषणे लावून मोकळे होण्याची रीत आहे. परीक्षकांनी यापुढे गोष्ट रंगली का, संवाद खरे वाटतात का, चित्रातली कुबडी योग्य बाजूच्या काखेत आहे का, हे इतर पुस्तकांइतक्याच काटेकोरपणे पाहावे आणि पुस्तक फसले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. ग्रंथालयासाठी खरेदी करणाऱ्या माझ्यासारख्यांना त्याचा फार उपयोग होईल.

आपला वाचक,
एक शालेय ग्रंथपाल, सातारा