जर्मन भाषेसोबत जर्मनीचा इतिहासही शिकवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, तेव्हापासून जर्मन कुठे शिकावी अशी विचारणा करणारे पालक मला वरचेवर भेटतात. अनेक वर्षे ही भाषा शिकवल्यामुळे मला याचा आनंदच वाटतो. परंतु बोलणे 'बी-वन झाले, आता बी-टू कधी?' या भाषेच्या परीक्षांच्या पातळ्यांपुढे जात नाही, आणि पदवीच्या वर्गातही आधुनिक जर्मन संस्कृती व तिचा इतिहास तोंडी लावण्यापुरताच उरतो, याची काळजी वाटते. मी पूर्वी ज्या संस्थेत शिकवत होते, तिथे १९३३ नंतरच्या, म्हणजे नाझी राजवटीच्या काळावरची दोन पाने 'परीक्षेला नाहीत' म्हणून गाळण्याची सूचना मला मिळाली होती. ती मी शिकवली खरी, पण तासाच्या शेवटी, घाईघाईने. ती रुखरुख आजही आहे.

जर्मन गावांतून चालताना घरांसमोरच्या फरसबंदीत तळहाताएवढ्या पितळी पाट्या दिसतात. नाझी राजवटीत बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ गुंटर डेमनिग या कलावंताने १९९०च्या दशकात त्या बसवायला सुरुवात केली. त्यांना 'श्टोलपरश्टाइने', म्हणजे ठेच लागणारे दगड म्हणतात. त्यांवरचा मजकूर बहुधा 'हीअर वोन्टे' (इथे राहत होता किंवा होती) या शब्दांनी सुरू होतो. मग नाव, जन्मसाल, कोणत्या वर्षी हद्दपार केले ते, आणि पुष्कळदा शेवटी 'एरमोर्डेट'. 'वोन्टे' हे भूतकाळी रूप आमचा विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच पाठ करतो. पण तिथे 'गेश्टोर्बेन', म्हणजे 'मरण पावला', असे न लिहिता 'एरमोर्डेट', म्हणजे 'खून झाला', असे का लिहिले आहे, हे त्याला व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी इतिहासच शिकावा लागतो.

हा इतिहास विद्यापीठात शिकण्याला आणखी एक कारण आहे. १० मे १९३३ रोजी बर्लिन विद्यापीठासमोरच्या चौकात नाझींना नकोशी असलेली हजारो पुस्तके जाळली गेली, आणि त्या मोहिमेत पुढाकार विद्यार्थी संघटनेचा होता. आज तिथे स्मारक म्हणून जमिनीत बसवलेल्या काचेखाली रिकाम्या पांढऱ्या फडताळांची एक खोली आहे. दिवसा काचेत आभाळाचेच प्रतिबिंब पडते, त्यामुळे ती फडताळे पाहायची तर वाकावे लागते.

मराठी वाचकाला तर हा विषय परका नाही. इरावती कर्वे यांनी १९३० साली बर्लिनमध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवटीची ठेवण आणि वंश यांचा संबंध दाखवायचा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजून तसा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. फिशर १९३३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि ते ज्या संस्थेचे संचालक होते तिथे पुढे आउशविट्झ या नाझी छळछावणीतून माणसांच्या शरीराचे अवयव तपासणीसाठी येत राहिले. त्या इमारतीत आता बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे आणि तिचा पूर्वेतिहास सांगणारा फलक १९८८ पासून तिथे लावलेला आहे. जर्मनांनी आपल्या भूतकाळाला सामोरे जाण्यासाठी 'फेरगांगेनहाइट्सबेवेल्टिगुंग' असा लांबलचक शब्द घडवला. वर्गात तो उच्चारताना मुले हसतात. या इमारतीची हकिगत सांगितली की गप्प होतात.

म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे की, १८७१च्या एकीकरणापासून वायमार प्रजासत्ताक, नाझी राजवट, दोन जर्मनी, तुर्की कामगारांचे आगमन आणि १९९०चे पुनरेकीकरण इथपर्यंतचा वर्षभराचा अभ्यासक्रम पदवीला सक्तीचा करावा. तो इतिहास आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही खुला असावा, आणि भाषा येत नसलेल्यांसाठी मराठीतून शिकवावा. शिक्षक मिळत नसतील, तर आठवड्यातून एक तास विनामानधन घ्यायला मी तयार आहे.

आपली,
जर्मनची एक निवृत्त शिक्षिका, पुणे