अंगावरचा बॉल

प्रिय बंड्या,

बीपी गोळीवर आहे, बाकी झकास. लिहायचं कारण आमचे चिरंजीव. इथे न्यू जर्सीत बेसबॉल खेळतात, पिचर आहेत (म्हणजे आपला बोलरच), तुला माहीतच आहे. मध्यंतरी त्याचा एक बॉल समोरच्या पोराच्या बरगडीत बसला. पोरगं उठून पळालंसुद्धा. पण आमचा गडी तेव्हापासून सगळं बाहेर टाकतोय. बॉल सोडताना शिवणीवरची दोन बोटं आखडतात, मला जाळीबाहेरून दिसतं. बायको म्हणते, विसरेल. ती कुठे तुझ्याबरोबर खेळलीय! मिरजेच्या त्या पोराला लागल्यावर तू अख्खा सीझन ऑफस्टंपाबाहेर टाकलास. (आणि फायनलमधला नोबॉल नोबॉलच होता. अंपायर मी होतो.)

त्या नादात डॅन बँकहेडबद्दल वाचत बसलो. निग्रो लीगमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या, मेम्फिस रेड सॉक्सचा पिचर, भन्नाट वेग. 26 ऑगस्ट 1947 ला ब्रुकलिन डॉजर्सकडून एबेट्स फील्डवर उतरला. मेजर लीगमधला, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमधला, पहिला कृष्णवर्णीय पिचर. पहिल्याच बॅटिंगला होमरन! आणि पिचिंग? साडेतीन इनिंगही नाहीत, 10 हिट, 8 रन. त्यात वॉली वेस्टलेक या गोऱ्या बॅटरला बॉल लागला. निग्रो लीगमधलाच जुना खेळाडू बक ओ'नील सांगायचा, अलाबामात वाढलेल्या डॅनला हीच धास्ती: गोऱ्याला बॉल लागला तर दंगल पेटेल. डॅनच्याच टीममधल्या जॅकी रॉबिन्सनने, गोऱ्यांची मेजर लीग फोडणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूने, त्याच वर्षी शिवीगाळ अंगावर घेऊन गप्प बसायचं व्रत पाळलं. पिचरने काय पाळायचं? बॉल त्याच्याच हातात. 1950 मध्ये डॅन 9 सामने जिंकला, 1951 मध्ये त्याची मेजर लीग संपली. पिचर म्हणून एकूण 52 सामने. पुढे मेक्सिकोत वर्षानुवर्षं खेळत राहिला.

आमच्या पोराला दंगलीचा धाक कुणी घातलेला नाही, कळतं मला. डॅनच्या डोक्यावर सगळा देश बसला होता, याच्या डोक्यावर एक बरगडी. तरी बोटं आखडतातच ना? कोच ओरडतो, 'आत टाक!' मी ओरडत नाही, पण जाळी इतकी घट्ट धरतो की ओरडल्यासारखंच. म्हणून तुला विचारतो: तू परत आत टाकायला लागलास कसा? कुणी समजावलं? की नुसता चिडलास? तेव्हा विचारलं नाही; तुझ्याशी बोलत नव्हतो, कारण वर कंसात.

वहिनींची बदली झाली का? गच्चीची गळती थांबली? काकांना नमस्कार.

शनिवारी मॅच आहे. त्याआधी थेट त्यालाच फोन कर. मराठी चांगलं कळतं, तेव्हा शिव्या जपून.

तुझा,
सुध्या