शकूस पत्र: परक्यांची वकिली कशाला?

छत्रपती संभाजीनगर

प्रिय शकू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दसरा झाला की तुझ्या माजलगावच्या ऑफिसात किती गर्दी होते ते मला माहीत आहे. त्यातूनही वेळ काढून तू चार पानं लिहिलीस, फार बरं वाटलं. शेवटच्या पानावर तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. आपल्या बीड जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर अडकून पडतात, त्यांना वकील मिळत नाही. मग तू येमेनच्या पोरांची कागदपत्रं कशाला घेऊन बसलीस, असं तुझं म्हणणं. ते तू रागानं लिहिलेलं नाहीस, काळजीनं लिहिलंस. म्हणून मीही सगळं नीट सांगते.

आपण माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाही विद्यापीठाच्या रस्त्यावर अरब विद्यार्थी दिसायचे, आठवतं का? येमेनची मुलं इथं पदवीला, पीएच.डी.ला येत राहिली. आणि २०१४च्या सप्टेंबरात हुथी बंडखोरांनी येमेनची राजधानी सना घेतली, २०१५च्या मार्चपासून सौदीच्या आघाडीनं बॉम्बफेक सुरू केली. इथं शिकणाऱ्या पोराच्या घरून येणारा पैसा थांबला. पुढचं तू वकील म्हणून लगेच ओळखशील. पैसा नाही म्हणून फी थकते. फी थकली की संस्था बोनाफाईड, म्हणजे विद्यार्थी असल्याचा दाखला, देत नाही. बोनाफाईड नाही तर व्हिसाची मुदत वाढत नाही. मुदत संपली की घरमालक घाबरतो, कारण परदेशी भाडेकरूची माहिती त्याला सरकारला कळवावी लागते. शेवटी पोरगा मित्राच्या खोलीत लपल्यासारखा राहायला लागतो, आणि तिथून त्याचं सगळंच बेकायदा होत जातं. यात त्यानं गुन्हा कुठं केला? पण १ सप्टेंबर २०२५पासून १९४६चा परकीय नागरिक कायदा जाऊन नवा कायदा आला आहे, आणि मुदत संपूनही राहिलेल्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही होऊ शकतं.

अशा मुलाला वकील लागतो तो कोर्टात उभं राहायला नव्हे, मुदत संपण्याच्या आधी. संस्थेला अर्ज करून फीचे हप्ते पाडून घ्यायचे, बोनाफाईड मिळवायचं, पासपोर्ट संपत आला असेल तर दिल्लीतल्या दूतावासाशी पत्रव्यवहार सुरू करायचा, आणि मुदतवाढीच्या ऑनलाइन अर्जात उशिराचं कारण खरं खरं लिहायचं. एवढंच काम. त्यात वक्तृत्व नाही की मोठा कायदा नाही. पण ते वेळेत झालं तर पोरगा खोलीवर सुखानं झोपतो, आणि नाही झालं तर पुढं जामिनासाठी धावपळ करावी लागते. मी कुणालाच लपायचा सल्ला देत नाही. मुदत संपली असेल तर स्वतःहून परकीयांच्या नोंदणीच्या कचेरीत जा, मी सोबत येते, असं सांगते.

आता आश्रय मागणाऱ्यांचं. आपला देश १९५१च्या निर्वासित करारात नाही, त्याच्या १९६७च्या प्रोटोकॉलमध्येही नाही. आपल्याकडं आश्रयाचा वेगळा कायदाच नाही. ज्याला परत गेलं तर जिवाचं भय आहे तो दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या कचेरीत नोंद करू शकतो. तिथं मुलाखत होते, पटली तर कार्ड मिळतं. पण ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, ही गोष्ट समजावून सांगताना माझाच जीव वर-खाली होतो. गृह मंत्रालयानं २०११ साली अशा लोकांसाठी कार्यपद्धती ठरवली, त्यात छळाची भीती खरी वाटली तर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वाट आहे. आणि कोर्टांनी राज्यघटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, आधार दिला आहे. १९९६ला अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जिवाचं रक्षण करणं हे राज्याचं काम आहे, माणूस नागरिक असो वा नसो. १९९८ला गुजरात उच्च न्यायालयानं इराकी निर्वासितांच्या बाबतीत तोच विचार पुढं नेला. एवढ्या आधारावर आपण उभं राहायचं. आधार बारीक आहे, पण आहे.

या कामातला सगळ्यांत अवघड भाग म्हणजे माणसाची हकिकत लिहून घेणं. येमेनच्या ताइझ शहरातून आलेला एक जण माझ्यासमोर बसला होता. त्याचं नाव-गाव तुलाही लिहीत नाही. त्याला सांगायचं होतं भावाचं, आणि तो सांगत राहिला घराच्या पाण्याच्या टाकीचं. कोणत्या महिन्यात घडलं म्हटलं की गप्प. भीती बसलेला माणूस तारखेनं बोलत नाही गं. मुलाखत घेणारा मात्र तारखेनंच विचारतो, आणि दोन ठिकाणी दोन महिने आले की हकिकत खोटी वाटायला लागते. मग मी विचारलं, रमजानच्या आधी की नंतर? शाळा चालू होत्या का? थंडी होती का? तसं धागा सापडत गेला. तुझ्या कोयत्याच्या बाईला तू विचारतेस ना, मुकादमाकडून आगाऊ उचल पोळ्याला घेतली का गौरी-गणपतीला, अगदी तसं. आणि एक गोष्ट मी कटाक्षानं पाळते. त्यानं सांगितलं नाही ते एक अक्षरही मी घालत नाही. दुभाष्यालाही बजावते की वाक्य जसं येईल तसं सांगा, गोड करू नका, जड करू नका. अरबी शिकलेले एक वयस्कर मौलवीसाहेब या कामाला येतात. सुरुवातीला ते कळवळून स्वतःच दोन शब्द जास्त बोलायचे. आता ऐकतात आणि तेवढंच सांगतात.

त्या पोरांना खोल्या देणाऱ्यांत चाऊस मंडळी बरीच आहेत, हे तुला ऐकून नवल वाटणार नाही. त्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आले, म्हणजे आजच्या येमेनमधूनच. परभणी-नांदेडपर्यंत चाऊस घरं आहेत. आता ती पुरती मराठवाड्याची झाली आहेत, तरी येमेनचा पोरगा दारात आला की त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. तर कुणाला परकं म्हणायचं, शकू?

बाळंतपणाचं एक सांगते, कारण हे तुझ्या कामात कधी येईल ते सांगता येत नाही. परदेशी जोडप्याला इथं मूल झालं तर ते आपोआप भारतीय होत नाही. १९८७च्या जुलैपासून आई किंवा वडील भारतीय असावे लागतात, आणि २००४च्या डिसेंबरपासून दुसरा पालक बेकायदा आलेला नसावा लागतो. पण जन्माची नोंद मात्र करायचीच असते, तिथं नागरिकत्वाचा प्रश्न नाही. २१ दिवसांत फुकट होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या हुकमापर्यंत गोष्ट जाते. जन्मदाखला नाही तर दूतावास पासपोर्ट देत नाही, पासपोर्ट नाही तर बाळाला व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर आई परत जायला निघाली तरी बाळाला जाऊ देत नाहीत. एका ओल्या बाळंतिणीसोबत मी या चक्रातून गेले आहे. तिला मराठी येत नव्हती, मला अरबी. तिनं माझा हात धरला तो नोंद होईपर्यंत सोडला नाही.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. तुझ्याकडं १९७६चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. मजूर पुरवणाऱ्या मुकादमानं उचलीवरून टोळीला डांबलं तर हे कर्ज वेठबिगारीचं नाही, असं सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. गरिबाच्या बाजूनं झुकलेलं असं कलम आपल्या कायद्यात फार थोडं सापडतं. परकीयांच्या कायद्यात ओझं उलट आहे. मी परकीय नाही, हे ज्याच्यावर बोट ठेवलं त्यानंच दाखवायचं. आणि ते ओझं फक्त परदेशी माणसावर पडत नाही. मालदा, मुर्शिदाबादहून बांधकामावर आलेला मजूर बंगाली बोलतो एवढ्यावरून त्याला बसवून ठेवलं, तर त्यालाही भारतीय असल्याचे कागद गावाहून मागवावे लागतात. २०२४च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं आसामच्या एका खटल्यात स्पष्ट केलं की नुसता संशय पुरे नाही. हाताशी काही ठोस असल्याशिवाय सरकारनं हे ओझं माणसावर टाकू नये. हा निकाल वकिलाच्या तोंडी असला तर त्या मजुराची रात्र वाचते. तुझा गेवराईचा माणूस बागलकोटकडं कानडी ठाण्यात उभा राहतो तेव्हा तोही तिथला बंगालीच असतो. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि मुकादम कोऱ्या स्टँपवर घेतलेला अंगठा दाखवतो. मला दोन कामं वेगळी दिसतच नाहीत.

अमेरिकेचंही लिहिलं होतंस, तुझ्या जावेच्या मुलाची नोकरी गेली म्हणून. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, त्यात नवी नोकरी, दुसरा व्हिसा, नाहीतर परतीची वाट. तो शिकलेला आहे, पैसे देऊन वकील करील. पण तिथं आश्रय मागणाऱ्या गरिबाला इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. तिथल्या फौजदारी खटल्यात तो १९६३पासून आहे, इमिग्रेशन कोर्टात नाही. लहान मूलसुद्धा न्यायाधीशासमोर एकटं उभं राहू शकतं. आणि आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून साधारण वर्षाच्या आत द्यावा लागतो. म्हणून तिथल्या विनामूल्य वकिली करणाऱ्या संस्थांची सगळी धडपड पहिल्या वर्षात माणसापर्यंत पोचायची असते.

त्या मानानं आपला १९८७चा विधी सेवा कायदा उदार आहे, आणि हे आपल्याच वकिलांना ठाऊक नसतं. स्त्री असेल, मूल असेल, कोठडीतला असेल, मानवी तस्करीचा किंवा वेठबिगारीचा बळी असेल, तर कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, आणि तिथं भारतीय असण्याची अट नाही. कोर्ट फी, टायपिंग, कागदांचं भाषांतर हे सगळं त्यात येतं. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी सुरुवात होते. पॅनलवरच्या वकिलाला मानधन तुटपुंजं मिळतं, उशिरा मिळतं, म्हणून चांगले वकील तिकडं वळत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. गरिबाच्या वाट्याला नवशिका किंवा कंटाळलेला वकील का यावा?

माझ्या आजीचं तुला माहीत आहे. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ साली, ती भूमजवळच्या गावाहून दोन लेकरं घेऊन रात्रीतून बार्शीला गेली. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. तिथं एका घरानं त्यांना ओसरी दिली. सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, आजी परत आली, तर शेजारचं मुसलमान घर रिकामं होतं. आता त्यांची पाळी होती. ती त्या शेजारणीचं नाव शेवटपर्यंत घ्यायची. आपल्या मुलखानं पळून जाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे, म्हणून मला वाटतं हे काम इथं व्हायला हवं. दिल्लीतच व्हावं असं नाही.

तर माझी मागणी ऐक. महिन्यातून एक शनिवार तू इकडं ये. वेठबिगारीचे अर्ज, मुक्तीचा दाखला, जिल्हाधिकाऱ्यांपुढची कारवाई यात तुझा हात धरणारं कुणी नाही. वाळूजला आणि जालन्याच्या कारखान्यांत परप्रांतीय मजूर आहेत, त्यांच्यासाठी मला तेच शिकायचं आहे. बदल्यात कर्नाटकातल्या तुझ्या टोळ्यांसाठी मी एक काम अंगावर घेते: बेळगाव, बागलकोट, विजापूर इथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना पत्रं लिहून मराठी समजणारे पॅनल वकील शोधायचे, आणि त्यांचे नंबर टोळी निघायच्या आधी बायकांच्या हातात द्यायचे. पुरुषांच्या नको, मुकादम फोन काढून घेतो.

येताना तुझा तो मुक्तीच्या दाखल्याचा जुना नमुना अर्ज आण, मराठीतला. आणि कोणता शनिवार जमेल ते कळव, म्हणजे मौलवीसाहेबांनाही त्या दिवशी बोलावून ठेवते.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
विमल