हिटरची नळी

सातारा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, मला कळतं सगळं" म्हणून काल तू फोन ठेवलास. कळतं गं तुला. महाबळेश्वरच्या गहू गेरवा केंद्रात आपली मनू काम करते, हे आईने अख्ख्या शाहूपुरीला सांगून झालंय, मीही कमी सांगत नाही. पण तू पाठवलेला खोलीचा फोटो मी मोठा करून पाहिला. गॅसच्या हिटरच्या नोझलपाशी नळी वाकते तिथे बारीक चिरा पडल्यात, आणि पुढे ती मागच्या पत्र्याला टेकलीय. तापणाऱ्या पत्र्याला! शिवाय तुझी गादी जमिनीवर. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की खालीच साचतो.

नळीवर तारीख छापलेली असते. ५ वर्षांच्या वर ती ठेवायची नाही, आणि चिरा दिसल्या तर तेवढंही थांबायचं नाही. मालक "चालतंय" म्हणाले असतील, त्यांच्याशी वाद नको. आईच्या लाडवांसोबत नारंगी सुरक्षा नळी पाठवलीय, आत तारेची जाळी असलेली, दीड मीटरची. रेग्युलेटर बंद कर, हिटर गार होऊ दे, मगच जुनी काढ. नवी नोझलवर पुरती आत सरकव. मध्ये जोड नको. मग हिटर न पेटवता रेग्युलेटर चालू कर आणि दोन्ही टोकांना साबणाचा फेस लाव. बुडबुडा आला तर लगेच बंद. काडी ओढून कधी तपासू नकोस.

तुला आठवतं का? सिलिंडर बदलला की फेसाची वाटी तूच धरायचीस. नाक रेग्युलेटरला टेकेल इतकी वाकायचीस आणि बुडबुडा नाही आला की हिरमुसायचीस. मग आजी उरलेल्या फेसाचे फुगे काढून द्यायची. परकराला हात पुसत तू अंगणभर त्यांच्यामागे धावायचीस...

पुन्हा भाषणच झालं. रागावू नकोस. वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचा फोटो पेपरात आला की आई मला दाखवते, आणि मग दोघंही बोलत नाही. थंडीत हिटर लागणारच, लाव. पण खिडकीला फट ठेव आणि झोपताना बंद कर. कोंडलेल्या खोलीत जळणाऱ्या गॅसचा जो विषारी वायू होतो, त्याला वास नसतो. नानांचं तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नकोस. दार-खिडक्या उघडून बाहेर ये आणि १९०६ ला फोन कर. रात्रीचे कितीही वाजले असोत, मलाही कर. मेढ्यावरून यायला मला वेळ लागत नाही.

लाडू दादाला दाखवू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. जुनी नळी टाकताना तिचे तुकडे कर. अख्खी दिसली तर कुणीतरी उचलून पुन्हा लावील.