सेफ्टी व्हॉल्व्हला बूच बसवून गेलात, आता गीझरची टाकी गळतेय

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: २५ लिटर स्टोरेज गीझर, वॉरंटीत असूनही टाकी बदलून द्यायला नकार

नमस्कार,

फोनवर दर वेळी नवीन माणूस येतो आणि परत पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं म्हणून आता लिहूनच पाठवतोय, कृपया पूर्ण वाचा. गीझर तीन वर्षांचा आहे, टाकीची वॉरंटी ७ वर्षांची आहे, बिल आणि कार्ड दोन्ही जोडलंय.

मूळ तक्रार अगदी साधी होती. गीझर चालू केला की इनलेटच्या (गार पाणी आत येतं तिथल्या) सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडायचं, बंद करून थोडा वेळ गेला की थांबायचं. तुमचा टेक्निशियन आला, गीझरचं कव्हर सुद्धा उघडलं नाही, व्हॉल्व्हच्या तोंडात बूच घातलं, वरून एमसील थापलं आणि जॉब शीटवर "लीकेज बंद" लिहून सही घेऊन गेला!! फोटो जोडलाय, एमसीलवर त्याच्या बोटांचे ठसे पण दिसतात.

अहो ते थेंब पडायलाच हवे होते ना. पाणी तापलं की फुगतं, २५ अंशावरून ६० वर नेलं तर २५ लिटरचं साधारण ३५० मिली जास्त होतं, आणि त्याच व्हॉल्व्हमध्ये नॉन रिटर्न असल्यामुळे ते मागे पाइपात जाऊ शकत नाही, वर नळ बंद, मग जाणार कुठे? म्हणून तर ती वाट ठेवलेली असते. गीझर बंद असताना, पाणी गार असताना सुद्धा गळत असतं तर गोष्ट वेगळी, मग व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार बसलाय किंवा लाइनचं प्रेशर जास्त आहे असं म्हणता आलं असतं. हे मला आमच्या सोसायटीच्या प्लंबरकाकांनी पाच मिनिटात समजावलं, तुमच्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसाला माहीत नसावं?

बूच बसल्यावर थोड्याच दिवसात खालच्या कव्हरमधून पाणी यायला लागलं. आधी फ्लँजच्या (टाकीच्या झाकणाच्या) रबरी गॅस्केटमधून, मग टाकीच्या जोडातूनच. एका सकाळी आई आंघोळीला गेली आणि आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) ट्रिप झाला, कारण पाणी तापवणाऱ्या एलिमेंटला वायर जोडतात त्या टर्मिनलवर पाणी उतरलं होतं. आरसीसीबी नसता तर काय झालं असतं ते मला इथे लिहायचं पण नाहीये.

दुसरा टेक्निशियन म्हणाला तुमच्या बिल्डिंगचं प्रेशर जास्त. आम्ही १२ मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, गच्चीवरच्या टाकीतून सरळ पाणी येतं, पंप वगैरे काही नाही, दहा मीटर उंचीला १ बार प्रेशर धरा. काकांनी गेज लावून बघितलं तर काटा ३ च्या जरा पुढे. तुमच्या गीझरवर कमाल ८ बार छापलंय. ते सांगितल्यावर साहेबांनी कारण बदललं, म्हणे बोअरचं पाणी आहे, हार्ड वॉटर वॉरंटीत बसत नाही. आता उन्हाळ्यात पुण्यात अर्ध्या सोसायट्या बोअर आणि टँकरवरच असतात, विकताना तुमच्या डीलरने हे विचारलं नव्हतं. आणि टाकी गंजू नये म्हणूनच आत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो ना, टाकीऐवजी स्वतः झिजणारा, तो दरवर्षीच्या पेड सर्व्हिसमध्ये एकदाही बाहेर काढून बघितला नाही, तरी शीटवर "अॅनोड ओके" असं लिहिलंय. न बघता ओके कसं?

मला डिस्काउंट कूपन नकोय (ते मेसेज पाठवणं आधी बंद करा). टाकी किंवा पूर्ण गीझर बदलून द्या, नवीन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा आणि त्याच्या तोंडाला पाइप लावून तो बाथरूमच्या ट्रॅपपर्यंत (पाणी जायच्या जाळीपर्यंत) सोडा, आणि आधीच्या माणसाने व्हॉल्व्ह बंद केला होता हे जॉब शीटवर स्पष्ट लिहून द्या. त्याने अजून किती घरात असंच केलं असेल ते पण तुम्हीच शोधून काढा, तिथल्या लोकांना तर काहीच माहीत नसणार.

१५ दिवसात लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतो आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जातो, फोटो, जॉब शीट सगळं जपून ठेवलंय, बूच बसवलेला व्हॉल्व्ह पण. तो तुमच्या माणसाला परत मिळणार नाही, बघायचा असेल तर घरी येऊन बघा, येण्याआधी फोन करा.

तुमचा ग्राहक
(नाव, पत्ता जोडलेल्या बिलावर आहे)