वडशाच्या मालकांना, डिझेलच्या उधारीसह

मालक, रामराम.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही 'चहा घ्या जी' म्हणून विषय मोडता. म्हणून हे उघड पत्र. बाकी वाचणाऱ्यांना सांगायचं तर तुम्ही म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या, पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या, नाटक मंडळाचे मालक. तुमचा नातू मोबाइलवरून वाचून दाखवील. त्याला मध्येच चहा आणायला पिटाळू नका.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी तुमच्या ऑफिसात आलो तेव्हा पिशवीत दोन कागद होते. एक माझी सिनेमाची पटकथा, मामा तलावाच्या पाटकऱ्याची, म्हणजे शेतांना तलावाचं पाणी सोडणाऱ्या माणसाची. दुसरा एका निर्मात्याचा करारनामा, सही न केलेला. त्यांना गोष्ट आवडली होती, फक्त थोडे बदल हवे होते. पाटकऱ्यानं शेवटी गळफास घ्यावा, कारण 'विदर्भ म्हटलं की लोकांना तेच अपेक्षित असतं'. रोवणीत, म्हणजे भातलावणीत, पावसातलं एक गाणं असावं. आणि आमच्या भागातली झाडीबोली एकट्या विनोदी नोकराच्या तोंडी. बाकीच्यांनी 'नीट मराठी' बोलावं. या मंडळींना धानाची बांधी आणि कापसाचं वावर यातला फरक कळत नाही, पण गळफास कुठल्या झाडाला शोभेल ते बरोबर कळतं.

मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ साली गेली, तलावांमागे 'माजी' लागलं आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा' झालं. पण कोणाच्या बांधीत पाणी आधी सोडायचं हा तंटा काही माजी झाला नाही. माझा पाटकरी त्या तंट्यात मधोमध, खांद्यावर फावडं घेऊन उभा. त्याला मरायला सवड कुठली?

हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी सांगतो, मी सल्ला मागायला आलो नव्हतो. बँकेचे हप्ते थकले होते, घर बायकोच्या पगारावर चाललं होतं. 'करून टाका सही' असं कोणीतरी जाणत्या माणसानं म्हणावं, एवढ्यासाठीच आलो होतो. आणि धंदेवाईक माणूस म्हणून तुम्हीच आठवलात. रागावू नका.

तुम्ही कागद वाचलाच नाही. टेम्पोत बसवलंत आणि लाखांदूरकडच्या एका गावात नेलंत. मंडई, म्हणजे गावची जत्रा, होती, रात्री तुमचं नाटक. मी पुढची खुर्ची धरली तर तुम्ही मला दंडाला धरून पार मागे, कनातीजवळ उभं केलंत.

"स्टेज नका पाहू. ब्लँकेट पाहा."

मला आधी काही समजलं नाही. मग दिसायला लागलं. थंडी अशी की सगळे चादरी, शाली, ब्लँकेटं घेऊन आलेले. सीन लांबला की एकेक ब्लँकेट खांद्यावरून डोक्यावर जायचं. खलनायक तिसऱ्यांदा गडगडाटी हसला आणि डावीकडच्या दोन ओळी अख्ख्या झाकल्या गेल्या. एक वाजता लावणी आली, ब्लँकेटं खाली आली, शिट्ट्या, वन्समोअर. मी मनात म्हटलं, घ्या, निर्माता खरा ठरला.

मग साडेतीनच्या सुमारास जमिनीच्या वाटणीचा सीन लागला. म्हातारा बाप, दोन पोरं, मध्ये एक पितळी गंज, म्हणजे पातेलं. तो कोणाला द्यायचा यावर बाप काही बोलतच नाही. ऑर्गनवाल्यानंही हात काढून घेतला होता. इतका वेळ कोणी बोललं नाही की पेट्रोमॅक्सच्या जमान्यापासून नाटकं बघत आलेली माझ्या पुढची म्हातारी ब्लँकेट मांडीवर टाकून पुढं सरकली. सगळ्या मंडपात डोक्यावर एकही ब्लँकेट नव्हतं. पहाटे साडेतीनला!

पडद्यामागे तुम्ही पत्र्याच्या पेटीत तिकिटाचे पैसे मोजत होतात, तोंडाला अर्धा रंग तसाच. न विचारता बोललात, "लावनीनं आजचं तिकीट खपते जी. पुढच्या वर्साची तारीख मात्र वाटनीच्या सीननं भेटते." आणि थोड्या वेळानं, नोटांना रबर लावता लावता, "पब्लिकले काय पायजे ते पब्लिकले इचारा. तो मानूस कधी रातभर बसला का इथं?"

करारनामा मी परत पाठवला. (तुमच्या तिसऱ्या अंकातली लावणी मला अजूनही नको वाटते, ते वेगळं. आपण त्यावर भांडत राहू.)

यानंतर तुम्ही जनरेटर दिलात, दोन लाइटस्टँड दिलेत, टेम्पो दिलात. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मला झापलंत. जुलैत शूटिंग ठरलं तेव्हा मी मोठ्या आदर्शवादी थाटात म्हणालो होतो की गावातले कलाकार मानधन न घेता येतील, सिनेमा आपल्या मातीचा आहे. तुम्ही विचारलंत, "मंग डिझेलबी मातीसाठी फुकट भेटते का?" रोवणीच्या दिवसांत एक मजुरी बुडणं म्हणजे काय, हे मी तलावाकाठी वाढलेला असून विसरलो होतो. निर्मात्याच्या नावानं बोटं मोडणारा मी, आणि मीही लोकांना फुकट राबवायलाच निघालो होतो. तुमच्या मंडळातल्या नऊ जणांना मी नाईटच्या, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाच्या, दरानं पैसे दिले, शूटिंग दिवसाचं असलं तरी. त्यासाठी कॅमेऱ्याचे चार दिवस कमी झाले.

आणि त्या बाया! हिवाळ्यात स्टेजवर उभ्या राहणाऱ्या, पावसाळ्यात स्वतःच्या बांधीत वाकणाऱ्या. पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी सोडून चिखलात रोवताना त्यांचे हात कसे चालतात हे कुठल्या नटीला शिकवून आलं नसतं. रोवता रोवता त्या गाणं म्हणतच होत्या. म्हणजे सिनेमात रोवणीचं गाणं आलंच शेवटी. पार्श्वसंगीत लावलं नाही. मागे चिखलातल्या पायांचा आवाज तसाच ठेवला.

२०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईहून दोघातिघांचे फोन आले, 'झाडीपट्टीवर काही आहे का तुझ्याकडे?' मी लिंक पाठवली. पुढं काही नाही. वितरक मिळालेला नाही, हेही इथंच सांगून टाकतो, कारण नातवाला तुम्ही तेच विचारायला लावाल.

पण गेल्या डिसेंबरात एक तारीख रिकामी गेली, त्या रात्री तुम्ही मंडप मला दिलात. पांढरं कापड, भाड्याचा प्रोजेक्टर. मी पुढं बसलो होतो, मागं बघायची छाती झाली नाही. सिनेमा संपल्यावर तुम्ही बिडीच्या बंडलाचा कागद हातात दिलात. त्यावर पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या, ब्लँकेटं वर गेल्याच्या. पाच ठिकाणी. चार मी कापल्या. पाचवी, पाटकरी रात्री तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एकटा बसतो ती, ठेवली आहे. तिथं तुमचं ऐकणार नाही.

डिझेलचे सहा हजार द्यायचे राहिलेत. धान विकलं की आणून देतो. दिवाळीनंतर पहिली तारीख कुठल्या गावाला लागली ते कळवा. मी कनातीजवळ उभा असेन.

तुमचा,
पाटकऱ्यावाला